दुसरा कान

चंकाट रोतान,
रमजान, एकविसावा रोजा

प्रिय रुबियाह,

तुझा फोन तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा मी तो उचलला नाही. नमाजाला होते, चुलीपाशी होते, फोन चार्जिंगला लावला होता, असलं काही सांगणार नाही. मी समोरच बसले होते, तुझं नाव पडद्यावर थरथरताना बघत. फोनवर तू मध्येच बोलशील, रडशील, नाहीतर हसशील, आणि माझं सांगायचं राहून जाईल. कागद मध्ये बोलत नाही. म्हणून नातीच्या वहीतली मधली पानं काढून बसलेय. अक्षर वाकडं आलं तर डोळ्यांना दोष दे, मोतीबिंदू पिकत आलाय.

पत्रिका मिळाली. ईदनंतरच्या दुसऱ्या शनिवारी निकाह. मागच्या बाजूला तुझ्या मेलूरने आपल्या हाताने बिदिनला लिहिलंय की, पाक लोंग, तुम्ही माझे थोरले काका, बाबांच्या जागी तुम्हीच माझे वली व्हा. पण आधी खरं सांगा, बाबांना शेवटचं तुम्ही शोधलंत, ते जिवंत असतील का? पोरीचं चुकत नाही. बाप कुठे जिवंत असेल तर चुलत्याने लावलेला निकाह कसा टिकायचा? गेल्या वर्षी कोर्टाने दोलाह हयात नाही असा कागद दिला, पण कोर्टाने काही त्याला पाहिलेलं नाही. आणि तू म्हणतेस, ती ईदच्या आधी बापाचा फोटो घेऊन सरहद्दीपलीकडे सयाममध्ये हातयाईला निघालीय, कारण गावातल्या लांब जिभांनी तिला लहानपणापासून सांगितलंय की तो तिकडे एका सयामी बाईच्या घरात सुखाने नांदतोय. रुबियाह, हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नकोस. तिकीट काढलं असेल तर फाडून टाक.

मी किती संशयी आहे ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? आपण दोघी जावांनी आठ वर्षं एका विहिरीवर धुणं धुतलं. मासेवाला परातीत बर्फाखाली कालचा मासा ठेवतो हे मी वास न घेता सांगायची. शिंपीण कापड चोरते, इमाम दुआ छोटी करतात, शेजारची कोंबडी आमच्या आवारात मुद्दाम अंडं घालत नाही, सगळ्यावर माझा डोळा. दोलाह मला, थोरल्या वहिनीला, ‘इन्स्पेक्टर काक’ म्हणायचा. सकाळी पायरीवर बसून कॉफी पिताना विचारायचा, “काय इन्स्पेक्टर, आज कोण अटकेत?” आणि तू आत हसून हसून बेजार. ते हसू मला अजून ऐकू येतं. तू गाव सोडून मुआरला बहिणीकडे गेलीस त्यानंतर त्या विहिरीवर मी एकटीच राहिले, आता तर नळ आलाय.

आता या म्हातारपणी माझा संशय कुणावर गेला असेल, सांग? माझ्याच नवऱ्यावर, बिदिनवर! हस नाहीतर रड. पासष्टीचा माणूस, जिना चढताना गुडघे वाजतात, दात काढून ग्लासात ठेवतो, आणि मला वाटलं की यानं बाहेर बाई ठेवलीय. त्याला कारणही तसंच होतं. दरवर्षी रमजानच्या आधीच्या शुक्रवारी आपण कबरस्तानात जातो, सासू-सासऱ्यांच्या कबरींवर केवड्याच्या पात्यांचा चुरा आणि फुलं घालतो, गुलाबपाणी शिंपडतो. गुलाबपाण्याची एक बाटली दोघांना पुरते. पण बिदिन दुकानातून दोन आणायचा. मी विचारलं की म्हणायचा, एखादी फुटली तर असावी. सव्वीस वर्षांत एकही बाटली फुटली नाही, आणि एकही उरली नाही. पाती चिरायला बसायचा तेव्हाही ओंजळभर वेगळी काढून वर्तमानपत्रात बांधायचा. दुसऱ्या दिवशी ‘ड्युरियनची झाडं बघून येतो’ म्हणून जायचा, आणि संध्याकाळी यायचा तेव्हा शर्टाला गुलाबाचा वास. ड्युरियनला कसला वास येतो ते मला कुणी शिकवायला नको!

इतकी वर्षं मी ते पाहिलं आणि गिळलं, यावरूनच तुला शंका यायला हवी. जी बाई शेजारणीच्या कोंबडीला सोडत नाही तिनं हे कसं सोडलं? ते पुढे सांगते. या वर्षी मात्र पुलाजवळ लाक्साच्या शेवयांची गाडी लावणारी हस्नाह माझ्याकडे बघून जरा जास्तच गोड हसली, आणि माझं डोकं फिरलं. तिच्या ओढणीला गुलाबाचं अत्तर असतं, हे मी दोनदा जवळून जाऊन तपासलं होतं. म्हटलं, आता धरतेच.

बिदिनची मोटारसायकल निघाली तशी मी मेहुण्याच्या गाडीत पुढच्या वळणापर्यंत गेले आणि तिथून पायी. तू होतीस तेव्हा जिथे रबराची झाडं होती, तिथे आता नुसतं पामतेलाचं रान, ओळीच ओळी. शेवटच्या ओळीपाशी त्याची गाडी उभी. पुढे जुनं जंगल सुरू होतं, फारसं उरलेलं नाही, पण आहे. मी चप्पल हातात घेतली आणि त्याच्या मागे. मनात काय काय चित्रं, सांगू? एक झोपडी, दारात पडदा, लाल ओठांची बाई, कदाचित एखादं पोरही. काय बोलायचं ते मी पाठ करत चालले होते. अर्ध्या तासाने तो एका प्रचंड झाडापाशी थांबला, ज्याची मुळं भिंतीसारखी उभी असतात तसलं. खाली वाकला, पाला बाजूला केला. नदीतले दोन गोल दगड होते, एक डोक्याकडे, एक पायाकडे. त्याने चुरा पसरला, बाटली उघडली, आणि मांडी घालून कुराणातलं यासीन म्हणू लागला.

आणि मी, मूर्ख बाई, झाडाआडून बाहेर येऊन ओरडले, “कोण आहे ती?”

त्याने मान वळवली. घाबरला नाही, उलट कुणीतरी एकदाचं आलं असं त्याचं तोंड झालं. म्हणाला, “दोलाह आहे, सेनाह.”

रुबियाह, खाली बस. पाणी पिऊ नकोस म्हणत नाही, रोजा मोडला तर मोडला, नंतर धरता येईल. तुझा नवरा सव्वीस वर्षं त्या झाडाखाली आहे. तो सयाममध्ये नाही. त्याला रानातल्या त्या भुताने, रानशिकाऱ्यानेही नेलं नाही. त्याला बिदिनची गोळी लागली.

ती संध्याकाळ तुला आठवत असेल, पण माझ्या बाजूने तुला कधी कळली नाही. तुला सातवा महिना होता आणि पिसोरीच्या, त्या इवल्याशा हरणाच्या मांसाचे डोहाळे लागले होते. सगळ्या बायकांनी तुझी थट्टा केली. हो की नाही? म्हणाल्या, रानशिकाऱ्याच्या बायकोलाही हेच डोहाळे होते, आता नवऱ्याला पाठवू नकोस, नाहीतर तोही कुत्री घेऊन मान वर करून जन्मभर फिरत राहील, अंगावर वेली उगवतील. तू हसलीस, पण दोलाह हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पायरीवर आला. म्हणाला, “काक लोंग, संध्याकाळी मसाला वाटून ठेवा. तिला बोलू नका. तिला सांगितलंय मित्राकडे जातो.” मी म्हटलं, “रिकाम्या हातांनी आलास तर तो मसाला तुझ्या डोळ्यांत घालीन.” शिट्टी वाजवत गेला. त्याच दिवशी दुपारी बिदिनही गेला, दुसऱ्या वाटेने, मळ्यावरच्या राखणदाराची बंदूक मागून घेऊन. ती विनापरवान्याची होती. दोघा भावांना एकमेकांचा पत्ता नव्हता. बिदिनलाही तुझ्यासाठीच पिसोरी आणायची होती, धाकट्या भावाच्या आधी, फुशारकी मारायला.

पिसोरीला कसं बोलावतात ते तुला माहीत आहे. झाडाआड बसायचं, वाळका पाला पुढे ओढायचा, आणि दोन काड्यांनी त्यावर भराभर ताडताड वाजवायचं. नराला वाटतं दुसरा नर आपल्या जागेत पाय आपटतोय, तो चिडून पाय आपटत उत्तर देतो आणि पुढे येतो. बिदिनने वाजवलं. पलीकडून उत्तर आलं. याने पुन्हा वाजवलं, पुन्हा उत्तर. दोन्ही भावांना सासऱ्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे ठोका अगदी एक, असा खरा की पिसोरीही फसावी. बिदिन म्हणाला, अर्धा तास आम्ही एकमेकांना बोलावत होतो आणि दोघांनाही वाटत होतं समोर मोठा नर आहे. मग झुडूप हललं. याने गोळी घातली. आणि झुडपातून आवाज आला, “अबांग!”

बिदिन बंदूक टाकून पळाला. सांजेची मगरिबची बांग व्हायच्या आत घरात, ओठ पांढरे, पाय चिखलाने भरलेले. मला म्हणाला, “पिसोरी बोलली, सेनाह. मला अबांग म्हणाली. ती रानशिकाऱ्याची होती, मी त्याच्या शिकारीला हात लावला.” मी म्हटलं, अबांग? तर म्हणाला, “भुताला काय, ते कुणालाही अबांग म्हणेल.” ते खरंच आहे, आपल्याकडे धाकटा थोरल्याला म्हणतो, बायको नवऱ्याला म्हणते, लाक्सावाली गिऱ्हाइकालाही म्हणते. पण त्या रानात त्या वेळी बिदिनला अबांग म्हणणारा कोण असू शकतो, हे मला माहीत होतं. बिदिनला नव्हतं. माझ्या घरात वाटलेला मसाला झाकून ठेवलेला होता.

गोळीचा आवाज गावात ऐकू गेला होता. माणसं आमच्या अंगणात जमली. पवांग तोक साआदही आला, रानाचे मंत्र त्याच्याकडे, रानाचे कायदेही त्याचेच. बिदिनने सांगितलं, गोळी कुणाची ते माहीत नाही, पण बिरिक-बिरिक पक्षी ओरडत डोक्यावरून गेला, मागे कुत्री होती, रानशिकारी निघालाय. तोक साआदने पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, “एका कानावर रान बंद होत नाही, बिदिन. तू काय, उद्या म्हणशील हत्ती गायला. दुसरा कान कुणाचा?” माझ्या डोळ्यांसमोर एवढंच होतं: सकाळी माणसं रानात गेली तर बंदूक सापडेल, बंदूक सापडली की पोलीस, आणि पोलीस आले की बिदिन कित्येक वर्षं गजाआड. आणि दुसरंही होतं, ते मी मनात पुरतं येऊ दिलं नाही. म्हटलं, दोलाह दुसऱ्या वाटेने येईल, आत्ता शिट्टी ऐकू येईल. आणि मी हात वर केला. म्हटलं, “मी ऐकला. विहिरीवर होते. दोनदा ओरडला.”

मी काहीही ऐकलं नव्हतं.

दोन कान झाले आणि रान तीन दिवस बंद, कुणी आत पाऊल टाकायचं नाही. सगळ्यांनी खिडक्या ओढल्या आणि रीतीप्रमाणे आतून ओरडले, “शिकाऱ्या, आमच्या वाट्याचं काळीज ठेव!” म्हणजे त्याला वाटावं ही आपलीच माणसं, आणि त्याने पुढे जावं. तूही ओरडलीस. तुझा आवाज सगळ्यांत मोठा होता, पोटुशी बाईने मोठ्याने ओरडावं म्हणतात ना. मी माझ्या खिडकीत उभी होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि तू पलीकडून म्हणालीस, “काक लोंग, ओरडा ना, घाबरलात की काय?”

दुसऱ्या दिवशी दोलाह आला नाही. तेव्हा मी तोंड उघडू शकले असते. तिसऱ्या दिवशीही उघडू शकले असते. तू माझ्या पायरीवर येऊन बसायचीस, म्हणायचीस, तो मित्राकडेच असेल ना, काक लोंग? आणि मी तुला चहा करून द्यायची. चौथ्या दिवशी माणसं शोधायला निघाली तेव्हा बिदिनने आपणहून ती बाजू मागून घेतली. त्याला बंदूक काढून आणायची होती, भाऊ सापडेल असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो एकटाच परत आला, हातांची नखं मातीने काळी, आणि सांगितलं, इकडे काही नाही. दुसऱ्यांना ओढ्याकाठी एक चप्पल मिळाली. तेवढ्यावरून निम्मं गाव म्हणालं रानशिकाऱ्याने नेला, निम्मं म्हणालं पळाला. तू दोन्ही ऐकून घेतलंस, पोटात मेलूर घेऊन.

त्या झाडाखाली बसून बिदिनने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती तुला सांगू नको असं तो म्हणाला. मी सांगणार आहे, कारण लपवलं तर पुन्हा तेच झालं. जिथे गोळी लागली तिथे दोलाह नव्हता. तो तिथून पन्नासेक पावलं लांब होता, त्या मुळांना पाठ टेकून बसलेला, डोक्याचं फडकं मांडीला आवळून बांधलेलं. म्हणजे तो लगेच गेला नाही. किती वेळ होता ते अल्लाला माहीत. एक रात्र असेल, दोन दिवस असतील. बिदिनच्या शब्दाने रान बंद झालं नव्हतं, माझ्या शब्दाने झालं. मी गप्प राहिले असते तर तोक साआद हसून घरी गेला असता, आणि सकाळी रबराचा चीक काढणारी माणसं रोजच्यासारखी त्याच वाटेने गेली असती.

तू गेल्या ईदला फोनवर म्हणालीस, माझ्याच डोहाळ्यांनी त्याला नेलं, मीच जिभेला लगाम घालायला हवा होता. मी ‘अगं नाही गं’ म्हटलं आणि विषय बदलला. तुझे डोहाळे निर्दोष आहेत, रुबियाह. लगाम घालायला हवा होता तो माझ्या जिभेला. आणि त्या गुलाबपाण्याच्या दुसऱ्या बाटलीबद्दल मी एवढी वर्षं गप्प का होते, तेही आता तुला कळलं असेल. मला बाईचा संशय कधी नव्हताच. तो मी ओढूनताणून आणला होता, कारण बाई असती तर बरं झालं असतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मी बिदिनला विचारत आले, फक्त ही एक सोडून. आणि त्यानेही मला कधी विचारलं नाही की तू तो पक्षी खरंच ऐकलास का. त्या दिवशी झाडाखाली विचारलं. मी नाही म्हटलं. परतताना त्याने माझी चप्पल उचलून माझ्या पायांपुढे ठेवली.

आता हे सगळं आज का लिहिलं ते सांगते. मेलूरने प्रश्न बिदिनला विचारलाय आणि त्याचं उत्तर तोच देईल, पण त्याला तोंड फुटायचं नाही, म्हणून आधी हे पत्र. ते गुरुवारपर्यंत तुला मिळेल. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आम्ही दोघं मुआरला तुमच्या मशिदीच्या पायऱ्यांवर बसलेले असू. तुझ्या दारात यायची हिंमत नाही. इथल्या ठाण्यावर आम्ही अजून गेलो नाही, कारण आधी तिला कळायला हवं, मग सरकारला. ती म्हणेल तर तिथून सरळ ठाण्यावर जाऊ, मग ती जागा दाखवू, म्हणजे दोलाहला नीट कबरस्तानात आणता येईल. दोघींपैकी कुणी आलंच नाही, तरी संध्याकाळी आम्ही ठाण्यावर जाणारच आहोत. वली म्हणून दुसऱ्या कुणाला तरी बोलाव. निकाहात वलीला नवऱ्यामुलाचा हात हातात घ्यावा लागतो, आणि बिदिन म्हणतो, मी तो घेणार नाही. तू आम्हांला माफ कर असं मी म्हणत नाही, ते मागायचं तोंड नाही. फक्त हातयाईचं जाणं थांबव, आणि आम्ही यायच्या आत तिला तूच जवळ घेऊन सांग की बाबा तिला टाकून कुठेही गेले नव्हते. तिच्या आईला पिसोरी खायची होती, ती आणायला गेले होते.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
काक लोंग सेनाह